होमलोनसाठी एजंट कसा निवडायचा: सिंहगड रोडच्या एका रीसेल फ्लॅटच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आलाय. नवरा आयटीत, हातात महिना १ लाख १० हजार येतात, कारचा १२ हजारांचा हप्ता चालू आहे. बायकोचा घरून चालणारा केटरिंगचा व्यवसाय, तीन वर्षांचे रिटर्न भरलेले. सिंहगड रोडला ८२ लाखांचा रीसेल फ्लॅट पसंत पडलाय, त्यावर आत्ताच्या मालकाचं कर्ज अजून चालू आहे, आणि यांना ६५ लाख कर्ज हवंय. फ्लॅट दाखवणारा ब्रोकर म्हणतो माझा माणूस फुकट करून देईल. एका ओळखीच्या कन्सल्टंटने १ टक्का फी सांगितलीय, त्यातली निम्मी आधी द्यायची. आणि तिसरा एक जण रोज फोन करून सगळ्यात कमी रेटची गॅरंटी देतोय. यातला क्वालिफाइड कोण आणि तो ओळखायचा कसा?

मी आधी बँकेत होमलोनच्या क्रेडिटला होतो, म्हणजे फायली पास करायच्या की परत पाठवायच्या त्या टेबलावर, आणि आता बरीच वर्षं पुण्यातच लोकांची होमलोनची कामं करतो. ज्या धंद्याबद्दल विचारलंय तो माझाच धंदा आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की आपल्याकडे होमलोन करून देणाऱ्या माणसासाठी वेगळं लायसन्सच नाही. म्युच्युअल फंड विकायचा तर परीक्षा देऊन एआरएन नंबर घ्यावा लागतो, विमा विकायला आयआरडीएच्या नियमातली परीक्षा आहे, रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट विकणाऱ्या ब्रोकरलासुद्धा महारेराची नोंदणी लागते आणि २०२३ पासून त्यासाठी परीक्षा पण आहे. पण साठ-सत्तर लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज लावून देणारा माणूस कोणतीही परीक्षा न देता उद्या सकाळी व्हिजिटिंग कार्ड छापू शकतो. ऑस्ट्रेलियात राहणारे आपले नातेवाईक सांगतात ना, आमच्याकडे ब्रोकरच सगळं बघतो, ते तिथे खरं आहे कारण तिथे ब्रोकरला लायसन्स लागतं आणि २०२१ पासून ग्राहकाचं हित आधी बघणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. इथे तसं नाही. म्हणून ब्रोकरच्या कार्डावर रेरा नंबर दिसला तर तो फ्लॅट विकण्याचा आहे, कर्जाचं ज्ञान त्यातून सिद्ध होत नाही.

मग इथे हे लोक असतात कोण? बहुतेक जण डीएसए, म्हणजे बँकेने नेमलेले एजंट. बँकेशी करार असतो, कोड असतो, आणि त्या कोडवर जेवढं कर्ज डिस्बर्स होतं, म्हणजे प्रत्यक्ष दिलं जातं, त्याच्यावर बँक त्याला पेआउट, म्हणजे कमिशन देते. साधारण पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत, बँका कमी देतात, हाउसिंग फायनान्स कंपन्या जास्त. हे पैसे बँकेच्या खिशातून जातात, तुमचा रेट त्यामुळे वाढत नाही, आणि तुम्ही थेट ब्रँचला गेलात म्हणून सहसा कमीही होत नाही. डीएसएच्या खाली सब-एजंट असतात आणि त्यांच्याही खाली कनेक्टर. कनेक्टर म्हणजे फक्त तुमचा नंबर आणि कागद पुढे सरकवणारा, त्याला फाइलमधलं काही कळत असेलच असं नाही. रोज फोन करणारे पुष्कळ जण याच थरातले असतात. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा की फाइल कोणाच्या कोडवर लॉगिन, म्हणजे बँकेत दाखल, होणार आणि तो माणूस मला भेटणार का. खरा डीएसए बँकेचं नाव, कोड, बँकेने दिलेलं ओळखपत्र किंवा ऑथरायझेशन लेटर दाखवायला अजिबात लाजत नाही. आणि दाखवलं तरी बँकेच्या वेबसाइटवर डीएसएंची यादी असते ती बघा, नाहीतर ब्रँचमध्ये होमलोनच्या मॅनेजरला सरळ विचारा. रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगून ठेवलंय की काम बाहेर दिलं तरी एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच, पण ती जबाबदारी तुम्हाला तेव्हाच धरता येते जेव्हा तो माणूस खरंच बँकेने नेमलेला असतो.

आता दुसरं, जे माझ्या धंद्यातले लोक सहसा सांगत नाहीत. प्रत्येकाला एजंट लागतच नाही. दोघं नोकरदार, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर चांगला, मोठ्या बिल्डरचा रेरा नोंदणी असलेला प्रोजेक्ट आणि त्याला तुमच्या बँकेची आधीच मंजुरी, अशी केस असेल तर सॅलरी अकाउंट आहे त्या बँकेत जा, अजून एका सरकारी बँकेत जा, दोन्हीकडचे आकडे लिहून घ्या, काम होतं. ब्रँचला चार चकरा जास्त होतील एवढंच. एजंटची खरी गरज लागते ती गुंतागुंत असते तिथे. एक पगार आणि एक धंद्याचं उत्पन्न, जुनी इमारत, भोगवटा पत्र न मिळालेली सोसायटी, गुंठेवारीतलं घर, परदेशात राहणारा अर्जदार, कधीकाळी पूर्ण थकबाकी न भरता क्रेडिट कार्ड सेटल केलेलं, किंवा तुमच्यासारखं, म्हणजे विकणाऱ्याचं कर्ज चालू असलेला फ्लॅट. तुमच्या केसमध्ये यातल्या दोन गोष्टी आहेत, त्यामुळे चांगला माणूस मिळाला तर तो घ्याच, पण तो चांगला आहे का हे तुमच्याच केसवर तपासता येतं आणि तेही पहिल्या भेटीत.

कसं ते सांगतो. जो माणूस तुमचे कागद बघायच्या आधी रेट सांगतो तो बाजूला ठेवा. जाणकार माणूस आधी पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, चालू हप्ते, वहिनींचे रिटर्न आणि फ्लॅटची कागदपत्रं मागतो आणि मग तुमच्यासमोर बसून कागदावर हिशोब करतो. तो हिशोब साधारण असा होतो. हातात १ लाख १० हजार, बँक त्यातले समजा ५५ टक्के सगळ्या हप्त्यांसाठी धरते, म्हणजे ६० हजार ५००. त्यातून कारचे १२ हजार गेले, उरले ४८ हजार ५००. हिशोबापुरता ८ टक्के रेट आणि २० वर्षं धरली तर एका लाखाला साधारण ८३६ रुपये हप्ता पडतो, म्हणजे नुसत्या नवऱ्याच्या पगारावर बसणारं कर्ज ५८ लाखांच्या आसपास. हवेत ६५. सात लाख कमी पडले. आता इथे माणसाचा कस लागतो. कच्चा एजंट म्हणतो काळजी करू नका बसवून देतो. पक्का माणूस म्हणतो, कारचं कर्ज किती शिल्लक आहे, तीन लाख असेल तर ते फेडून टाका, कारण त्या १२ हजारांमुळे तुमची कुवत १४ लाखांनी खाली आलीय, ते गेले की तुम्ही ७२ लाखांपर्यंत जाता. किंवा तो म्हणेल की वहिनींना को-अ‍ॅप्लिकंट घ्या, आणि मग त्यांचे रिटर्न नुसते आहेत का हे न बघता कधी भरलेत हे बघेल, कारण दोन वर्षांचे रिटर्न एकाच आठवड्यात भरलेले असले तर क्रेडिटवाला ते कर्जासाठीच भरलेत असं समजून बाजूला ठेवतो. नफ्यात घसारा परत मिळवून धरणारी बँक कोणती, दोन वर्षांची सरासरी घेणारी कोणती, हे त्याला पाठ असायला हवं. केटरिंगचे पैसे रोखीत येतात आणि खात्यात दिसत नाहीत, असं असेल तर तेही तो आधीच विचारेल.

मग तो मालमत्तेकडे वळेल. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्याच्यावर ७५ टक्के, यापेक्षा जास्त कर्ज देता येत नाही. ८२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ६५ लाख ६० हजार, तुमचं ६५ जेमतेम बसतं. पण बँक किंमत धरते ती अ‍ॅग्रीमेंटची किंवा तिच्या व्हॅल्युअरने काढलेली, यात जी कमी असेल ती. जुन्या इमारतीत व्हॅल्युएशन ७८ आलं की कर्ज ६२ लाख ४० हजारांवर थांबलं, आणि वरचे पैसे तुम्ही कुठून आणणार? शिवाय स्टॅम्प ड्युटी या किमतीत धरत नाहीत. पुण्यात ७ टक्के म्हणजे ५ लाख ७४ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळे, सोसायटीची ट्रान्सफर फी, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १७ लाख स्वतःचे आणि वर साडेसहा-सात लाख, एवढे पैसे हातात आहेत का हे पहिल्या भेटीत विचारणारा माणूस तुमचा हितचिंतक समजा. बायकोच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर घेतलं तर नाही, हेसुद्धा अ‍ॅग्रीमेंटच्या आधी कळलं तर उपयोग, नंतर कळून काय करणार.

आणि आता तुमच्या केसचा सगळ्यात अवघड भाग. मालकाचं कर्ज चालू आहे म्हणजे फ्लॅटचे ओरिजिनल कागद त्याच्या बँकेत अडकलेत. तुमच्या बँकेला ओरिजिनल हवेत, त्याच्या बँकेला पैसे हवेत, आणि कोणीच आधी हात सोडत नाही. याची ठरलेली वाट आहे. मालक त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र, आणि जमा असलेल्या कागदांची यादी आणतो, तुमचं स्वतःचं भांडवल आधी जातं, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होतं, मग तुमची बँक पहिला चेक मालकाच्या नावाने न काढता त्याच्या कर्जखात्याच्या नावाने काढते, ते कर्ज बंद झालं की ओरिजिनल थेट तुमच्या बँकेच्या ताब्यात येतात आणि त्यानंतरच मालकाला उरलेला चेक मिळतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत कागद परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, पण ३० दिवस हेसुद्धा मालकासाठी पैसे अडकलेले दिवस असतात आणि तिथे भांडणं होतात. म्हणून एजंटला विचारा, विकणाऱ्याचं कर्ज चालू असलेली केस शेवटची कधी केलीत, कोणत्या बँकेकडून कोणत्या बँकेत, पहिला चेक दिल्यापासून कागद हातात यायला किती दिवस लागले. ज्याने केलंय तो न थांबता बोलायला लागतो, कागदांच्या यादीत काय निघालं नाही, सोसायटीच्या एनओसीत काय शब्द लागतात, शेअर सर्टिफिकेट कोणाकडे होतं, सगळं. ज्याने केलेलं नाही तो म्हणतो होऊन जातं. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की माझ्या मते या एका प्रश्नावर निम्मी निवड होते. एक कुटुंब आमच्याकडे आलं होतं, त्यांच्या आधीच्या एजंटने सँक्शन लेटर, म्हणजे मंजुरीचं पत्र, आठ दिवसांत काढून दिलं होतं आणि सगळे खूश होते, पण जुन्या अ‍ॅग्रीमेंटच्या साखळीतला एक रजिस्टर्ड करार मालकाकडे नव्हता आणि त्याच्या बँकेच्या यादीतही नव्हता, ते बँकेच्या वकिलाने काढलं तेव्हा टोकन देऊन दोन महिने झाले होते. सँक्शन म्हणजे तुमच्या उत्पन्नाला होकार. फ्लॅटला होकार लीगल आणि टेक्निकल, म्हणजे कागदांची आणि इमारतीची तपासणी, झाल्यावर. दोन्ही झाल्याशिवाय कर्ज झालं म्हणू नका आणि जो म्हणतो त्याच्यावर फार विसंबू नका.

तसंच ५० लाख आणि त्यावरच्या घराला विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचा असतो, तुमच्या व्यवहारात ८२ हजार. ते कधी कापून भरायचे हे चेक काढायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. आणि कर्ज उचलल्यावर तारण ठेवल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन महाराष्ट्रात ३० दिवसांत दाखल करावी लागते. ही डिस्बर्समेंटनंतरची कामं कोण करून देणार हे आधीच विचारा, कारण पेआउट डिस्बर्समेंटवर मिळतो आणि बरेच फोन त्याच दिवसापासून उचलणं बंद होतात.

सिबिलबद्दल. एजंटने एकाच आठवड्यात पाच ठिकाणी फाइल टाकली की पाच बँका तुमचा रिपोर्ट ओढतात आणि पुढच्या बँकेला तुम्ही पैशासाठी दारोदार फिरताय असं दिसतं. फाइल एका ठिकाणी लावायची, फार तर दोन, आणि का तिथेच लावायची हे समजावून सांगता आलं पाहिजे. तुमच्या परवानगीशिवाय कोणी रिपोर्ट बघितला तर कळावं म्हणून क्रेडिट ब्युरोंनी एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असा नियम २०२४ पासून लागू आहे, तेव्हा नंबर आणि ईमेल तिथे बरोबर आहे ना ते बघा. आणि एजंटला भेटायच्या आधी स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढा, चारही ब्युरो वर्षातून एकदा फुकट देतात आणि स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात जुनं बंद झालेलं कार्ड चालू दिसत असेल तर आत्ताच तक्रार टाका, दुरुस्तीला महिना जातो.

आता रेटचं, कारण तिसरा माणूस त्याच्यावरच बोलावतोय. पाव टक्क्याचा फरक लहान नाही, ६५ लाखांना २० वर्षांत ८ टक्के आणि सव्वाआठ टक्के यात महिन्याला हजार रुपये आणि एकूण जवळपास २ लाख ४४ हजार रुपये होतात. पण आजचा रेट किती यापेक्षा तो कशाला बांधलाय हे जास्त महत्त्वाचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटचं, होमलोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावंच लागतं, बहुतेकांनी रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, घेतलाय, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा रेट रीसेट होतो. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला तेव्हा रेपोला जोडलेल्या कर्जदारांचा रेट आपोआप उतरला. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही, त्यांचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर असतं आणि तो किती आणि कधी उतरवायचा हे त्या ठरवतात. पेआउट जास्त म्हणून काही एजंट सरसकट तिकडेच फाइल नेतात, हे होतं. म्हणून हाउसिंग फायनान्स वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही, धंद्याचं उत्पन्न कमी दाखवलेलं आहे, इमारत जुनी आहे, बँकेने नाही म्हटलंय अशा किती तरी घरांना त्यांनीच कर्ज दिलंय. फक्त तिथे का नेताय याचं कारण तुमच्या केसमधलं असलं पाहिजे. तुमची केस कारचं कर्ज फेडलं तर बँकेत सरळ बसते, त्यामुळे कोणी हाउसिंग फायनान्स सुचवलं तर नीट कारण विचारा आणि या फाइलमागे त्याला कोण किती देतं हेही विचारा. हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. प्रामाणिक माणूस आकडा सांगतो.

तोंडी बोललेलं सगळं तपासायला आता एक चांगलं साधन मिळालंय. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नवीन रिटेल कर्जाला की फॅक्ट्स स्टेटमेंट देणं सक्तीचं झालंय, त्याला सगळे केएफएस म्हणतात. त्यात सगळी फी धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते एका आकड्यात येतं, आणि जो चार्ज त्यात लिहिलेला नाही तो तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं, आणि त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात, म्हणजे घरी आणून वाचायला वेळ असतो. जो एजंट स्वतःहून दोन बँकांचे केएफएस शेजारी ठेवून फरक दाखवतो तो मला आवडतो. जो म्हणतो सही करा ही फॉर्मॅलिटी आहे, त्याच्या हातात सही देऊ नका.

केएफएसमध्ये विम्याची ओळ नीट वाचा. कर्जाबरोबर सिंगल प्रीमियम विमा चिकटवतात, समजा दीड लाखाचा, आणि तो कर्जातच मिळवतात. म्हणजे दीड लाखावर २० वर्षं व्याज, ८ टक्क्यांनी ते तीन लाख होतात. घरातल्या कमावत्या माणसाला विमा हवाच, त्याबद्दल दुमत नाही, पण साधा टर्म प्लॅन बाहेरून घेतलेला चालतो आणि बँकेचाच विमा घेतला तरच कर्ज असं कोणी म्हणू शकत नाही. असं कोणी म्हटलं तर ते ईमेलवर लिहून मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. घेऊन बसला असाल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

पैशांच्या देवाणघेवाणीबद्दल माझं मत पक्कं आहे. बँकेची प्रोसेसिंग फी बँकेच्याच नावाने, चेकने किंवा ऑनलाइन, एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. डीएसएला बँक पैसे देते, त्याने तुमच्याकडून वेगळे मागायचे नसतात. तुमच्या त्या कन्सल्टंटने मागितलेला १ टक्का म्हणजे ६५ हजार, त्यातले साडेबत्तीस हजार आधी. फी घेणारा सल्लागार असूच नये असं नाही, कोणी बँकेकडून काहीही न घेता फक्त तुमच्याकडून फी घेऊन कागद तपासून, तुलना करून देत असेल तर ते उलट स्वच्छ काम आहे. पण मग तो पेआउट घेत नाही हे लेखी द्यायला हवं, काय काय काम करणार ते लिहिलेलं हवं, पावती हवी, आणि कर्ज झालं नाही तर फीचं काय तेही हवं. दोन्हीकडून घेणारा असेल तर नको. आणि मंजुरीची हमी देऊन आधी पैसे मागणारा कोणीही असो, नको.

कागद देताना झेरॉक्सवर आडवं लिहा की फक्त अमुक बँकेच्या होमलोनसाठी, तारीख टाका, सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही नाही, कोरा चेक नाही. नेटबँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही नाही, अगदी स्टेटमेंट काढून देतो म्हणाला तरी नाही, पीडीएफ तुम्ही स्वतः डाउनलोड करून द्या. आणि सॅलरी स्लिपमध्ये थोडं अ‍ॅडजस्ट करू, भाड्याचा करार दाखवू, खात्यात दोन महिने पैसे फिरवू असं कोणी सुचवलं तर त्या क्षणी उठा. बँक फॉर्म २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडची तुमच्या कापलेल्या कराची नोंद, बघते, पीएफ बघते, ऑफिसला माणूस पाठवते. सापडलं तर फॉर्मवर सही तुमची असते, एजंटचं नाव कुठेच नसतं, आणि फसवणुकीचा शेरा बसला की पुढे कोणतीच बँक दारात उभं करत नाही. मी क्रेडिटच्या टेबलावर असताना चांगल्या पगाराची, सहज पास होणारी माणसं केवळ अशा एका बनावट कागदामुळे कायमची बाहेर गेलेली पाहिली आहेत, त्यातल्या काहींना तो कागद फाइलमध्ये लागलाय हेसुद्धा माहीत नव्हतं. म्हणून लॉगिन होणाऱ्या पूर्ण फाइलची पीडीएफ स्वतःकडे मागून घ्या. देत नसेल तर फाइल देऊ नका.

एक गोष्ट एजंटकडून मागू नका ती म्हणजे टायटलची, म्हणजे मालकी निर्वेध असल्याची, खात्री. बँकेने कर्ज दिलंय म्हणजे कागद क्लिअर, हे वाक्य तुम्हाला ब्रोकर, एजंट, विकणारा तिघंही ऐकवतील. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, त्याचा रिपोर्ट बहुतेक वेळा तुमच्या हातात येतही नाही. ८२ लाखांच्या व्यवहारात स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा तपास, काढून घेणं हा खर्च वाचवायचा नसतो. आणि तो वकील एजंटने किंवा ब्रोकरने सुचवलेला नको.

आता तुमचे तिघे. रोज फोन करणाऱ्याला सोडा, कागद न बघता गॅरंटी देतोय त्यावरून कळलंच. कन्सल्टंटला वर लिहिलेले लेखी मुद्दे मागा, दिले तर विचार करा, निम्मी फी आधी मात्र नको, काम टप्प्याटप्प्याने तसे पैसे. ब्रोकरचा माणूस वाईटच असेल असं नाही, पण त्या ब्रोकरचं कमिशन व्यवहार झाला तरच मिळतं, त्यामुळे व्हॅल्युएशन कमी आलं किंवा साखळीत करार नाही असं काही निघालं तर तो माणूस तुम्हाला थांबा म्हणेल का, हा विचार करा. माझं म्हणाल तर तुमच्या सॅलरी अकाउंटच्या बँकेत स्वतः जाऊन एक कोटेशन घ्या, आणि त्याच बँकेच्या आणि अजून एका बँकेच्या यादीतला डीएसए शोधून त्याच्यासमोर कागद ठेवा आणि दोन मुद्द्यांवर लक्ष ठेवा, कारच्या हप्त्याचा आणि मालकाच्या चालू कर्जाचा. त्याने तुम्ही सांगायच्या आधी हे दोन्ही काढले तर तुमचा माणूस मिळाला. सोसायटीत गेल्या एक-दोन वर्षांत कोणी रीसेल फ्लॅट घेतला असेल तर त्यांना विचारा, कारण त्या इमारतीची फाइल ज्या बँकेने एकदा पास केलीय तिथे लीगल लवकर सुटतं आणि ते करणारा एजंटही तिथेच सापडतो.

एजंटशी किंवा बँकेशी काही बिनसलं तर आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही, वकील लागत नाही. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेचं तक्रार पोर्टल आहे. म्हणून एजंटशी बोलणं फोनवर झालं तरी नंतर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून ठेवा की आज असं असं ठरलं.

आणि टोकन अजून दिलं नसेल तर या आठवड्यात एवढंच करा. मालकाकडून त्याच्या कर्जाचं ताजं स्टेटमेंट, बँकेत जमा कागदांची यादी आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची कॉपी मागा, ती निवडलेल्या एजंटला आणि तुमच्या वकिलाला दोघांना दाखवा. टोकनच्या पावतीवर किंवा एमओयूत, म्हणजे प्राथमिक लेखी करारात, एक अट लिहून घ्या की कागदांमुळे, व्हॅल्युएशनमुळे किंवा बँकेच्या नकारामुळे कर्ज झालं नाही तर टोकन पूर्ण परत, आणि कर्जासाठी किमान ६० दिवसांची मुदत. मालकाचं कर्ज चालू असताना ४५ दिवस कमी पडतात, ब्रोकर ४५ वर अडून बसेल, तुम्ही ६० च्या खाली येऊ नका.